व इतर

लोंढ्याच्या स्टेशनाबाहेर एक दगड आहे,
सायकल स्टँडच्या कोपऱ्यात.
बेचाळीसला तारा तोडणाऱ्यांची नावं.
तीन. मग ‘व इतर’.

आमचे आजोबा त्या इतरांत आहेत.
रुझार इंत्रू सोज, रेल्वेत गँगमन.
पक्कड त्यांचीच, सरकारी शिक्क्याची.
खांबावर चढले तेही तेच,
बाकीच्यांना चढता येत नव्हतं म्हणून.
हिंडलग्याला सात महिने.
सुटून आले तर नोकरी गेलेली,
आणि पाद्री आठवडाभर बोलेनात.

सत्तेचाळीसचा पंधरा ऑगस्ट म्हणजे सायबिणीचं फेस्त.
वेदीवर भाताची कोवळी कणसं.
घंटा पहाटेच सुरू झाली
तेव्हा कुंपणापाशी येऊन मास्तरांनी विचारलं,
ही तुमच्या सणाची,
की आमच्या स्वातंत्र्याची?
आजोबांनी दोर सोडला नाही.
घंटेच्या आवाजात
तो ‘आमच्या’ त्यांना ऐकूच गेला नसेल.
मला जातो.

पुढे पाटीवरून भांडणं पेटली.
मराठीवर डांबर, कन्नडवर शेण,
एकच दगड दोनदा कोरला.
आता वर कन्नड, खाली पुसट मराठी.
परवा शेजारच्या बसलिंगप्पांकडून वरचं वाचून घेतलं.
तीन नावं.
मग जरा घुटमळून, चष्मा पुसत म्हणाले,
‘मत्तु इतररु.’

इतकी डोकी फुटली या सीमेवर,
ह्या एका शब्दावर मात्र
दोन्ही भाषांचं जमलं.

पक्कड अजून घरात आहे.
मोरीतला गळका नळ तिनंच आवळते मी.
दांड्यावरचा शिक्का कधीच गेला.
दात शाबूत आहेत.