तीन बोटं

पायात खिळा गेला म्हणून गेलो
मुक्रमाबादच्या दवाखान्यात.
काझीबाईंनी धनुर्वाताची सुई दिली, पट्टी केली,
आणि म्हणाल्या, आ करा.

बाई, खिळा पायात गेलाय.
कळलं. आ करा.

टॉर्च बुटका, मागं रबर गुंडाळलेलं.
उजेड गालाच्या आत फिरला,
रात्री तुरीत हरवलेलं करडू शोधावं तसा.
मग म्हणाल्या, तुमचीच तीन बोटं, उभी, तोंडात घाला.
दोन गेली.
तिसरं नखावरच अडलं.

किती वर्षं खायलाव पुड्या?
सोळा. जास्तच असतील.
तिखट झोंबतंय?
यंदाची मिरचीच जहाल हाय बाई, सगळा गाव म्हणतो.
गाव नाही म्हणत, त्या म्हणाल्या,
आणि कार्डावर लिहिलं: दोन बोटं. पुढं तारीख.

मी ट्रम्पेट वाजवतो, नवरंग ब्रास बँड, माणसं अकरा.
हे त्यांना ठाऊक नव्हतं. मीच सांगून बसलो,
की दोन लगीनसराया झाल्या, वरचा सूर लागत नाही,
गाल फुगत नाहीत, हवा कोपऱ्यातून निसटते,
आणि मी दोष देतो पितळेला.
दोनदा डाग देऊन आणलं उदगिरातून.

बाई हसल्या नाहीत.
आज दुखत नाही तोवर माझ्याकडं या, म्हणाल्या.
दुखायला लागल्यावर मी फक्त
बार्शीची चिठ्ठी लिहू शकते.
बार्शी म्हटलं की आमच्याकडं
पुढचं कोणी विचारत नाही.

औषध काय?
पुडी बंद. आणि कुल्फीच्या काड्या.
मला वाटलं थट्टा करतात.
धुऊन, एकावर एक, दातांत धरायच्या,
सकाळी अन् रात्री.
पहिल्या दिवशी चौदा बसल्या.
चौत्रा म्हणाली, घरात लहान लेकरू नाही,
एवढ्या कुल्फ्या खाल्ल्या कोणी?

पंधरावी पोळा झाल्यावर.
पुडी सुटायला मात्र फार वेळ लागला.
एकदा सुटली, दोनदा सुटली,
देगलूरच्या वरातीत परत लागली.
बाईंनी कार्डावर तेही लिहिलं, तारखेसकट,
आणि काड्या मोजल्या.

दर महिन्याला बाकावर बसायचं.
शेजारी तापाची, जुलाबाची माणसं, कण्हणारी.
एक म्हातारं विचारायचं, तुला रं काय झालंय?
काही नाही.
मग कामून येतूस सारखा?
त्याला द्यायचं उत्तर
मला अजून जुळवता येत नाही.

अठरावर थांबलं.
एवढंच मिळेल, बाई म्हणाल्या,
गेलेलं सगळं माघारी येत नसतं.
पण गालात पांढरं होतं ते पसरलं नाही.

त्यांची बदली झाली, किनवटला.
निरोपाला सरपंच बोलले: इतकी बाळंतपणं,
इतके विंचू, दोन साप.
माझं नाव त्यात कुठं बसणार.
आम्ही वाजवलं. वरचा सूर मी गाठला,
शेवटी थोडा फाटला.
बाईंनी वळून बघितलं,
माझ्याकडं नाही, माझ्या गालांकडं.

आता वरात निघायच्या आधी,
डोक्यावर टोप्या चढायच्या आधी,
मी पोरांना रांगेत उभं करतो. घाला तीन बोटं.
पोरं हसतात. नवरदेवाकडचे ओरडतात,
उशीर व्हायलाय!

काल ढोलवाला दिगंबर तेवढा हसला नाही.
तोंड फिरवून त्यानं टिपरू उचललं.
ढोलाला तोंड लागत नाही मामा, म्हणाला.

कोटाच्या खिशात काड्या होत्या, रबर लावलेल्या.
त्या तशाच राहिल्या. वरात निघाली.

सोमवारी त्याला गाडीवर घालून न्यायचंय.
नवा डॉक्टर पोरसवदा आहे म्हणतात.
टॉर्च आहे का त्याच्याकडं,
ते आधी बघायचं.