भाड्याचे बांबू

उमाठे सर फळ्यावर उभी रेघ ओढतात,
म्हणतात, ही सीमा.
रेघेच्या अलीकडे एक राज्य, पलीकडे एक,
मधली वीतभर जागा डस्टरनं पुसून
तिला बफर झोन म्हणतात.
अमरावती रोडवरच्या वर्गात आम्ही बावीस,
त्यातले अठरा एमपीएससीवाले.
खडूची पूड सरांच्या बाहीवर बसते,
ती कुठल्याच राज्याची नसते.

राज्याची चार अंगं मी वहीत उतरवते :
भूप्रदेश, लोकसंख्या, शासन,
आणि चौथ्यापाशी पेन अडखळतं.
सार्वभौमत्व.
घरात कोणी हा शब्द काढलेला नाही.
घरी विचारतात, इथं कोनाचं चालते?

डिसेंबरात बाबा घरी दिसत नाहीत.
अधिवेशनाचं काम मोठ्या कंत्राटदाराला लागतं,
त्याच्याकडून लहान्याला,
लहान्याकडून उरलंसुरलं बाबांना :
मॉरिस कॉलेज टी-पॉइंटपासून टेकडी रोडपर्यंत
बांबू चारशे, सुतळी मोजून.
सर ह्याला सत्तेची उतरंड म्हणतात,
बाबा कमिशन.

रात्री डबा घेऊन गेले तेव्हा
ते सुतळी तोंडाजवळ धरून तिला वाफ देत होते.
थंडीत ती कडक होते, ऐकत नाही.
"पाह्य, असं.
गाठ पक्की पायजे, पन सुटली बी पायजे.
पंधरा दिवसांनं सोडाची हाय.
बांबू भाड्याचा हाय, बाई."

मोर्चाच्या दिवशी मी अलीकडे,
हातात प्रोजेक्टची प्रश्नावली, चाळीस प्रश्न.
पलीकडे गुलाबी साड्यांचं रान,
आणि त्यात कुहीहून टेम्पोत उभी राहून आलेली
माझी पंचफुला आत्या.
मानधन, पेन्शन, सडका तांदूळ,
तिच्या घोषणेला माझ्या चाळीसात रकाना नव्हता.
दोन बांबूंच्या मधल्या जागेत पोलीस,
आणि एक चहावाला पोऱ्या, वाकून ये-जा करणारा.
इकडेही दहा रुपये, तिकडेही दहा.
त्याला कोणी कागद मागितला नाही.
मी प्रश्नावलीच्या मागे लिहिलं : तटस्थ राष्ट्र.
मग खोडलं. त्याला फक्त कप परत हवे होते.

आत्यानं बांबूवर हात टेकला.
सुतळी चाचपली, हसली.
"आमच्या दादाची गाठ हाय हे,"
शेजारणीला म्हणाली,
"पाळना बी अस्साच बांधे."
कोणतं टोक ओढायचं ते तिला माहीत होतं.
तिनं त्या टोकाला पाण्याची बाटली अडकवली
आणि पाच वाजेपर्यंत उभी राहिली.

पाच जणींना आत नेलं.
पाच जणी बाहेर आल्या, आश्वासन घेऊन.
टेम्पोत बसताना आत्यानं विचारलं,
"तू काय शिकतं म्हनत होती?"
मी म्हटलं, आंतरराष्ट्रीय संबंध.
"मंग संक्रांतीले ये. संबंध ठेव."

परीक्षेत प्रश्न आला, सोळा गुणांचा :
सार्वभौमत्वाची संकल्पना स्पष्ट करा.
नोट्समधलं सगळं लिहिलं, परिच्छेद पाडून.
बाटलीचं लिहिलं नाही.
पुरवणी लागली, शेवटी दोरा बांधला.
पेपर गोळा करता करता
मॅडमनी टोक जरासं ओढून पाहिलं
आणि पानं टेबलावर पसरली.
"अगं, ही तर सुटली."

"हो मॅडम," मी म्हटलं,
आणि पुन्हा तशीच बांधली.