एकाच छापाचे चार तुकडे

टेबलावर चार तुकडे, छाप एकच:
मेंदी रंगावर पांढरी तगर.
कुणी कुणाची चोरली, ठाऊक नाही.
चिठ्ठ्या मीच टोचल्या. अहमदाबाद, जेतपूर,
इचलकरंजी, मालेगाव.

सातपूरची ही खोली. शेजारी प्रेस पडतो
आणि भिंगाखालचे धागे एकदम दचकतात.
मग पुन्हा एकपासून मोजायचे.

भुतडाशेठ येऊन बोटांनी चुरगाळून गेले.
"अहमदाबादचा बघा, कसा बोलतो!"
बोलतोच. पण बोलते ती खळ.
बोअरच्या जड पाण्यात रात्रभर बुडवला,
सकाळी बादलीत पातळ पेज
आणि कापड म्हणून उरलं ते
तापातून उठलेलं कुणीतरी.
इंचात उभे बहात्तर, आडवे अठ्ठेचाळीस.
दोन धाग्यांमधून मला माझा अंगठा दिसला.

जेतपूरचा रंग पक्का,
ओलं फडकं घासलं तरी नुसती सावली लागली.
पण मीटरमागे चार बोटं आटला,
आणि सगळी तगर एका कुशीवर कलली.

इचलकरंजीचा एक धागा ओढला, काडी लावली.
सुंभ जळला तरी पीळ राहतो म्हणतात;
इथे पीळही नाही,
काळा, टणक, मोहरीएवढा मणी.
काठावर छापलंय 'शंभर टक्के सुती'.
मणी त्या अक्षरांवरच चिकटवून ठेवला.

मालेगावचा शेठनी उलगडलाच नाही.
छपाईत साचा सरकलेला,
पाकळ्या एकीकडे, देठ भलतीकडे.
"छपाई आमची नाही ताई," हारून मोमीन फोनवर,
मागे मागांचा खडखडाट,
"विणकाम तेवढं आमचं."
उभे ब्याण्णव. आडवे अठ्ठ्याऐंशी.
दोनदा मोजले, प्रेसच्या सुट्टीत.
आणि काठापासून वीतभर आत
एक गाठ.
बारीक, चपटी, शेपूट कापलेली.
तार तुटली तेव्हा कुणीतरी माग थांबवला होता.
न थांबवताही भागतं; मग कापडात
एक विरळ रेघ जाते, छापाखाली लपते.

तक्त्यात गाठीला दोष म्हणतात.
लिहिलं: दोष, एक.
शेऱ्याच्या रकान्यात मावेल तेवढंच लिहायचं असतं,
म्हणून 'वीण घट्ट' एवढंच लिहिलं.

गाऊनची ऑर्डर अहमदाबादला गेली.
मेन रोडच्या काचेत टांगायचेत,
काचेत कोण धुतंय?
शिवणाऱ्या इंदुमती अहिरराव म्हणाल्या,
"सुई आत गेली की कळतं गं,
पण मला कोण विचारतं?"

मालेगावचा तुकडा मी घरी नेला.
डबा बांधते त्यात. तेल, हळद, रोजचा साबण,
आता दुसरं वर्ष.
फुलं अजून तशीच वाकडी.
वर गाठ मारताना कधीकधी
ती आतली गाठ बोटाला लागते.