इंचाचा मिलिमीटर

नेब्रास्काच्या पश्चिम टोकाला, गेरिंग गावात
माझं खेळण्यांचं दुकान आहे.
खेळणी म्हटलं की गिऱ्हाईक चिडतं, मॉडेल म्हणायचं.
इकडे साखर बिटाची होते,
हंगामात गावभर उकडलेल्या मातीचा वास असतो
आणि अशाच एका वासाच्या मंगळवारी
मार्लिस क्लिमेश आली
बुटांच्या खोक्यात ट्रक घेऊन.

लाल, चपट्या तोंडाचा, बापाचा.
म्हणजे बापाच्या ट्रकासारखा, पंचविसात एक.
केबिन झकास. रंगाला नाव ठेवायला जागा नव्हती.
पण खाली चाकं अशी
की थोरल्या भावाचे बूट घालून
कुणी शाळेच्या फोटोला उभं राहावं.

मी कॅलिपर लावला. सेहेचाळीस.
'ही चोविसात एकची आहेत,
दुसऱ्या किटमधली.'
'एकाचाच तर फरक,' ती म्हणाली.

हे वाक्य मी आठवड्यातून तीनदा ऐकतो.
एकाचा नाही हो, दोन मिलिमीटरचा.
आणि पंचविसात एकच्या मुलखात
इंचाचा होतो मिलिमीटर,
जवळजवळ नेमका, कुणीही न ठरवता.
दोन इंच उंच टायरवर
तुमच्या वडिलांशी स्पीडोमीटर खोटं बोलला असता:
काटा साठावर,
आणि ट्रक मात्र त्रेसष्टनं.

ती हसली नाही. तिनं फोटो काढला.
ट्रेलर सोडून ठेवलेला, ट्रक मोकळा,
मागच्या चाकाला टेकून सात वर्षांची ती,
अनवाणी, डोळे बारीक केलेले.
त्याच जूनमधली तिची उंची
कोठीच्या दाराच्या चौकटीवर अजून आहे म्हणाली,
पेन्सिलनं, लुमीरच्या तिरक्या अक्षरात:
अठ्ठेचाळीस इंच.

माणसानं स्वतःचीच मोजपट्टी आणली
तर दुकानदारानं काय करावं?
मी भिंग घेतलं.
साडेचोवीसची रिम. टायर नवा असता तर साडेत्रेचाळीस.
म्हणजे मुलीच्या नाकापर्यंत यायला हवा.
येत होता खालच्या ओठापर्यंत.

पुन्हा मोजलं. फोटो उन्हात नेला.
भाराखाली टायर बसतो, पण भार नव्हता.
हवा कमी असती तर पोट सुटलं असतं, सुटलं नव्हतं.
मग खाचा दिसल्या. म्हणजे दिसल्या नाहीत.
जिथे नक्षी असते तिथे
नदीतल्या गोट्यासारखं काळं, तुळतुळीत.

'घासलेत,' मी म्हणालो. एवढंच.

ती बराच वेळ माझ्या गल्ल्याकडे बघत राहिली.
'त्या हिवाळ्यात वायोमिंगच्या चढावर
दोनदा घसरला होता.
बर्फ होता, म्हणायचा.'

बाहेर बिटांचा एक ट्रक गेला,
कपाटातली विमानं थरथरली.
मी बरोबर मापाचे टायर काढले, चव्वेचाळीसचे,
दहाचा संच, खाचा कोऱ्या करकरीत,
आणि न विचारता
पॉलिश पेपरचा एक ताव वर ठेवला.
तिनं त्याचे पैसे वेगळे मोजून दिले.

'एक मिलिमीटर?'
'थोडा जास्त. ओल्या कागदानं घासा,
सावकाश, फिरवत. रबर पटकन जातं.'

दारापाशी ती थांबली.
'आठच घासते,' म्हणाली.
'पुढची दोन त्यानं नवी घातली असणार.
पुढच्या चाकांच्या बाबतीत तो फार जपायचा.'

मी मान डोलावली.
फोटोत पुढची चाकं आलीच नव्हती.