गुरुवारचा सातवा तास

वेळापत्रकात नाव 'जीवनकौशल्ये',
पोरं म्हणतात 'झोपेचा तास'.
मूळची मी भूगोलाची.
कुणी घेईना म्हणून हा माझ्या गळ्यात पडला,
सोबत पुठ्ठ्याची फाईल
आणि बिस्किटांचा एक डबा,
झाकणाला चीर पाडलेला, चिठ्ठ्यांसाठी.

आज मुलाखतीचा धडा.
तनिष्का कंपनीची मॅनेजर, जोबिन उमेदवार.
"तुमच्यातला एखादा दोष सांगा."
"मी फार जास्त मेहनत करतो, मॅडम."
वर्ग हसला. मीही.
मग सांगितलं, पाठ केलेलं लगेच ओळखू येतं.
हात मिळवताना तो बांगड्यासारखा लिबलिबीत नको,
नजर समोर,
आणि पगार विचारायला लाजायचं नाही.
बाहेर धुळीनं सूर्य पितळी झालेला,
सोहारच्या बंदराकडून एक लांबट भोंगा.

डबा उघडला.
पहिली चिठ्ठी, जांभळ्या शाईत:
'तो माझ्या फोनचा पासवर्ड मागतो.
नाही दिला तर दोन दोन दिवस बोलत नाही.
हे प्रेमच ना?'
मागच्या बाकावर कुणीतरी खाकरलं.
फळ्यावर लिहिलं: काळजी.
त्याच्या शेजारी: पाळत.
मधली रेघ ओढायला
खडू धरून उभी राहिले, जरा जास्तच वेळ.
माझा व्हिसा ह्यांच्या नावावर.
फोनचा पिन आमच्या लग्नाची तारीख.
ह्यांनी कधी मागितला नाही, मी कधी दिला नाही,
तो आपला होताच.
"मॅडम, रेघ?" अफीफानं विचारलं.
ओढली. तिरकी आली.
"नाही म्हटल्यावर समोरचा कसा वागतो
तिथून बघायला लागा," एवढंच म्हणाले.
फाईलमध्ये याहून बरं वाक्य होतं,
आठवलं नाही.

दुसरी चिठ्ठी दुमडून दुमडून सुपारीएवढी केलेली:
'मुलाखतीचा कागद अजून एक मिळेल का?
बाबांसाठी. फेब्रुवारीपासून घरी आहेत.
दोष सांगा म्हटलं की गप्प बसतात.
नाव विचारू नका.'

ही मोठ्यानं वाचली नाही.
"कुणीतरी कँटीनच्या समोशाबद्दल तक्रार केलीय,"
असं काहीतरी ठोकून दिलं,
पोरांना गटचर्चेला बसवलं
आणि झेरॉक्सच्या खोलीत गेले.
बशीरभाई कुलूप लावायच्या बेतात.
"किती?"
"दहा."
कागद अजून गरम होते.

टेबलाच्या कोपऱ्यात ठेवले, वर डस्टर.
"कुणाला हवे असतील तर," म्हटलं, अगदी सहज,
आणि घंटा होताच डस्टर उचलून
वर्गाकडे पाठ केली.
फळा पुसला. पुसलेलाच परत पुसला.
मैदानात बसचे नंबर पुकारत होते,
बारा, चौदा, एकोणीस,
चपलांचा, दप्तरांचा गलका,
मध्येच एखादी जोडी पावलं टेबलाशी थबकायची.
खिडकीच्या काचेत कोण कोण दिसलं
ते मी इथंही लिहिणार नाही.

वळले तेव्हा तीन उरले होते.
आणि मला वाटलं होतं,
दहा उगाचच काढतेय.