किरकोळ

तीन हजार आठशे.
"जपानी पोलाद, ताई," दुकानदार दोनदा म्हणाला.
ह्यांनी वहीत 'किरकोळ' म्हणून लिहिलं
आणि खाली जरा जोरातच रेघ मारली.

गणपती पेठेतून विश्रामबागेपर्यंत
खोकं मांडीवर.
रिक्षा आपटली की आधी त्याच्यावर हात,
मग दांडीवर.

जुनी सुरी चहाच्या पुड्याबरोबर फुकट आलेली.
तिच्याखाली टोमॅटो चिरला जात नसे,
शरण येई.

विळी आहे की. खिळ्याला टांगलेली.
पण गुडघे आता जमिनीपर्यंत पोचत नाहीत,
आणि पोचले तरी समोर
लसूण सोलायला रत्नव्वा नाही.
जाऊ माझी. एकोणीस वर्षं एकाच ओट्यावर,
आणि भांडलो ते फक्त मिठावरून.

पहिलं वांगं कृष्णाकाठचं,
देठाचे काटे अजून ताजे.
सुरी नुसती ठेवली, दाबली नाही.
घाटाच्या पायरीवरून पाण्यात पाय सोडावा
तशी ती आपली आपण उतरली.
वांग्याला कळलंसुद्धा नसेल.
बोटाचं मलाही कळलं नाही,
ओटा लाल दिसेस्तोवर.
चिमूटभर हळद दाबली.
सांगलीत हळदीला काय तोटा.

चार महिन्यांनी मिरजेला नेली.
सतारवाल्यांच्या गल्लीच्या तोंडाशी
एक म्हातारा धार लावत बसतो.
त्यानं पात्याला नखानं टिचकी मारली,
कान जवळ नेला, म्हणाला,
"बसलीय जराशी."
मी म्हटलं, "सुरी ना?"
तो हसला नाही. दगड ओला केला.
चाळीस रुपये.

आज पाच कांदे.
पूर्वी दुसऱ्यालाच डोळे भरायचे,
आणि बाहेरच्या खोलीतून हे विचारायचे,
"कांदा का?"
"कांदाच," मी म्हणायची.
बरा आडोसा होता तो.
चांगल्या धारेखाली कांदा रडवत नाही,
असं दुकानदारानं सांगितलेलं,
फायदा म्हणून.

पाचही झाले. चकत्या अशा
की खालच्या फळीचं लाकूड दिसावं.
डोळे ठणठणीत कोरडे.
फळी धुतली, सुरी पुसून खोक्यात ठेवली,
आणि खुर्ची ओढून
लसणीचा गड्डा फोडायला घेतला.

"कांदा का?"
बाहेरून आवाज आला.

कांदा तर केव्हाच चिरून
झाकून ठेवला होता.