चोवीस बैठका

मतपत्रिका टपालानं आली. नंदगडच्या दवाखान्यात
नायट्रोजनच्या टाकीवर ठेवली,
सपाट जागा तेवढीच मोकळी होती.
परिषदेवर चौघे निवडायचे, नावं अकरा.
सातवं कानडीत: भरमप्पा.
म्हणजे आमचे भरमू डॉक्टर, कणबरकर,
दोन मुदती संपवून तिसऱ्यांदा उभे.

मी अर्ज करून इतिवृत्तं मागवली.
एकशे बारा पानं.
कानडी मी शाळेत शिकले, छड्या खाऊन,
अजून घाईत वाचलं की आतून मराठीच ऐकू येते.
पहिल्याच पानावर त्यांच्या नावापुढे: पर.
वाटलं, बैठकीला बोलावून, चहा पाजून, परका म्हणतायत.
मग आठवलं, कानडीत पर म्हणजे बाजूनं.

पार्श्वभूमी, तीन ओळी:
जन्म खानापूर तालुका, पदवी हेब्बाळ, सेवा एकतीस वर्षं.
बाप बाजारात बैलांना नाल ठोकायचा, ते नाही.
उजवा खांदा अथणीच्या एका म्हशीनं कळेत आवळला,
रेडकू आडवं, पहाटेचे तीन,
तेही नाही.
एवढंच आहे: चौथ्या बैठकीत अध्यक्षांनी हटकले,
सदस्यांनी मतासाठी उजवा हात वर करावा.
पुढची ओळ: सदस्यांनी कारण सांगितले.
कारण लिहिलेलं नाही.

बैठका सत्तावीस, हजर चोवीस.

ठराव नऊ. हुक्केरीकडच्या एका डॉक्टरनं
विम्यासाठी एक्केचाळीस म्हशी कागदावर मारल्या.
त्यातल्या निम्म्या अजून डेअरीला दूध घालतात.
परवाना दोन वर्षं बंद. कणबरकर: पर.
वसतिगृहात चार वर्षं त्याची खाट यांच्या खाटेला लागून होती;
हे कंपाउंडरनं सांगितलं.

ठराव चौदा. गोठ्यावर जायची किमान फी पाचशे.
विरोध. एकटेच.
विरोध दोन्हीकडे विरोधच, तिथं अडखळले नाही.

ठराव बावीस.
लगमण्णा कुरुबर, कक्केरी. शिक्षण नाही, परवाना नाही.
अडलेल्या म्हशी सोडवतो, मोडलेली शिंगं बांधतो.
फिर्याद करावी का?
आठ पर. दोन विरोध.
कणबरकर: तटस्थ.

तटस्थ. तोच शब्द, भाषांतर नको.
इकडे दुकानांच्या पाट्यांवरून डोकी फुटतात,
आणि याला कुणी हरकत घेतलेली नाही.

नवे असताना, लोंढ्याला,
याच लगमण्णाच्या शेजारी गुडघे टेकून
ते हात घालायला शिकले. तालुक्याला ठाऊक आहे.
मला राग आला.
माझा परवाना भिंतीवर आहे, काचेत. रोज पुसते.

रविवारी गेले. अंगणात शेळीचं खूर तासत बसलेले.
विचारलं, बाविसाव्याला काय झालं?
"काय व्हायचंय. हातच वर केलो नाही."
"का पण?"
"तू असतीस तर?"
शेळीनं पाय ओढला. "धर," म्हणाले.
मी धरला. विषय तिथंच राहिला,
जाताना त्यांनी पिशवीभर रताळी दिली.

मत पोचायची शेवटची तारीख अठरा.
आज सोळा. टाकीवरच आहे ती,
कोपऱ्याला आयोडीनचा डाग पडलाय.

काल रात्री इटगीला म्हैस अडली.
माझा हात आखूड पडतो, हे मी कुठल्या अर्जात लिहिलेलं नाही.
डाव्या हातानं लगमण्णाला फोन लावला.
म्हणाला, केस चालू आहे, बाई, मी येणार नाही.
पण फोन ठेवला नाही.
गवतावर तो उघडा पडून होता आणि त्यातून आवाज:
डावीकडे. अजून आत. मान सापडली?
आता ओढू नको.
तडी, तडी, म्हणत राहिला,
कानडीत तडी म्हणजे थांब,
कळ जाऊ दे.